घोणस चावली, रक्त गोठेना. मग डॉक्टर ‘विषाने रक्त गोठतं’ असं का म्हणाले?

दारेकरी_जुन्नर · शुक्रवार, सकाळी ९.४०

वडील, वय ६१. जुन्नर तालुका. मंगळवारी रात्री कांद्याला पाणी द्यायला गेले होते. या आठवड्यात आमच्याकडे थ्री फेजची लाईट रात्री साडेदहानंतर आहे, त्यामुळे दारं धरायची ती रात्रीच. पायात चप्पल, हातात मोबाईलची बॅटरी. पावणेबाराच्या सुमारास बांधावर डाव्या घोट्याच्या वर पान लागलं. त्यांनी स्वतः पाहिलं: जाडजूड अंग, पाठीवर साखळीसारखे ठिपके आणि कुकरच्या शिट्टीसारखा आवाज. घोणसच.

चुलतभावाने मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं. एक वाजून वीस मिनिटांनी सरकारी दवाखान्यात पोचलो. तिथे हातातून रक्त काढून काचेच्या नळीत ठेवलं, वीस मिनिटांनी पाहिलं, गोठलं नव्हतं. सर्पविषावरच्या लसीच्या १० बाटल्या सलाईनमधून दिल्या. सकाळी पुन्हा नळी, पुन्हा पाणी. आणखी १० बाटल्या. बुधवारी दुपारी गोठलं. गुरुवारी रात्रीसुद्धा गोठलं. आम्ही घरी फोन करून सांगितलं की संकट टळलं. आज पहाटे सहाला पुन्हा नळी लावली, तर रक्त परत पातळ.

सूज गुडघ्याच्या वर गेलीय. हिरड्यांतून रक्त येत होतं ते काल थांबलं होतं, आज थुंकीत पुन्हा लालसर दिसलं. लघवी कमी झालीय. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बिघाड झाला की आकडा वाढतो) आल्यावर १.१ होतं, काल २.३.

रात्रपाळीच्या डॉक्टरांना विचारलं तर ते चालता चालता म्हणाले, “अहो, घोणशीच्या विषाने रक्त गोठतं, म्हणून ते गोठत नाही.” मी मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नाही. आता कोण म्हणतं प्लाझ्मा चढवा, कोण म्हणतं खासगीत हलवा, पुण्याचा मामा म्हणतो दोन दिवसांपूर्वीची लस परत कशी फेल जाते, बाटल्या खराब असतील. ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा उलगडून सांगा. एकदा गोठलेलं रक्त पुन्हा कसं बिघडतं?

---

शिवारातला_सर्पमित्र · शुक्रवार, सकाळी १०.०५

काका लवकर बरे होवोत. वर्णनावरून घोणसच आहे. नाग फणा काढून इशारा देतो, मण्यार गुपचूप चावते, घोणस फुत्कारते. जनावर शोधायला किंवा मारायला बांधावर कोणाला पाठवू नका. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच असते, साप ओळखून वेगळी बाटली काढायची नसते. मागच्या वर्षी एकाने मेलेला साप पिशवीतून दवाखान्यात नेला आणि तो उचलताना भावालाही चावा बसला. मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं.

बाकी रक्ताचं मला कळत नाही, जाणकार बोलतील.

---

काचेची_नळी · शुक्रवार, सकाळी ११.३०

दारेकरी, मी डॉक्टर नाही. तळकोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात २९ वर्षं लॅब टेक्निशियन होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तुमच्या वडिलांची जी नळी तिथे ठेवतात, तशा नळ्या मी किती ठेवल्या याचा हिशेब नाही. औषधाचं तुमच्या वॉर्डातले डॉक्टर ठरवतील. मी नळीबद्दल बोलते, कारण तुमचा प्रश्न नळीचाच आहे.

डॉक्टरांचं वाक्य बरोबर आहे. घाईत त्यांनी मधली चार वाक्यं गाळली, एवढंच.

आपल्या रक्तात फायब्रिनोजेन नावाचा एक पदार्थ विरघळलेला असतो. बोट कापलं की एकामागून एक बरेच घटक जागे होतात आणि शेवटी या फायब्रिनोजेनचे धागे तयार होतात. धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की झाली गुठळी. हे सगळं जिथे कापलं तिथेच व्हायचं असतं. घोणशीच्या विषात असे घटक आहेत जे या साखळीतल्या दोन कड्यांना, फॅक्टर टेन आणि फॅक्टर फाइव्ह यांना, जखम नसताना सगळ्या अंगभर जागं करतात. आमच्या कोकणातलं फुरसं आणखी पुढचं, त्याचं विष थेट पुढच्या कडीला, प्रोथ्रॉम्बिनलाच हात घालतं.

आता घरातलं उदाहरण घ्या. महिन्याचा किराणा भरलेला आहे. कोणीतरी रात्रीत गावाला आवतण देऊन जेवणावळ उठवली. सकाळी डबे रिकामे. त्या सकाळी दारात खरा पाहुणा आला तर त्याला वाढायला घरात मूठभर तांदूळ नाही. विषाने ही जेवणावळ घातलेली असते. रक्तभर बारीक धागे तयार होतात, शरीर ते विरघळवून टाकतं आणि फायब्रिनोजेन संपतं. मग हिरडीतून, सुईच्या भोकातून, लघवीतून रक्त यायला लागलं की ते थांबवायला सामान शिल्लक नसतं. रक्त गोठलं म्हणून गोठत नाही, ते असं.

लस काय करते? लस किराणा भरत नाही. हा गैरसमज नातेवाइकांतच काय, आमच्या स्टाफमध्येही होता. लस म्हणजे घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं. ती विषाला पकडतात, जेवणावळ बंद करतात. डबे भरायचं काम यकृताचं, आणि त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून लस संपल्याबरोबर नळी लावत नाहीत, सहा तासांनी लावतात. तुमच्याकडेही तसंच केलेलं दिसतंय: रात्री लस, सकाळी नळी, पुन्हा लस, दुपारी नळी. बरोबर चाललंय.

आता तुमचा खरा प्रश्न. गोठलेलं पुन्हा का बिघडलं. जेवणावळ बंद झाली तरी काही पाहुणे मागच्या पडवीत राहिलेले असतात. घोणस मोठी, तिच्या दातातून उतरणारं विषही भरपूर. सगळं विष पहिल्या तासात रक्तात येत नाही. चाव्याच्या जागी, सुजलेल्या मांसात ते साठून राहतं आणि दोन-तीन दिवस झिरपत राहतं. तोवर दिलेल्या लसीतली बरीच प्रतिद्रव्यं वापरली गेलेली किंवा शरीराबाहेर टाकली गेलेली असतात. मग उरलेलं विष पुन्हा डबे रिकामे करायला घेतं. हे अनपेक्षित नाही, आणि त्यावरून बाटल्या खराब होत्या असं मामांनी ठरवू नये. बाटल्या खराब असत्या तर बुधवारी दुपारी गोठलं नसतं. नळी एकदा गोठली की तिची पाळी संपली असं म्हणून तुमच्या लोकांनी ती बंद केली नाही, शुक्रवारी पहाटेही लावली, याबद्दल त्या सिस्टरला माझ्याकडून नमस्कार सांगा. बऱ्याच ठिकाणी नेमकं इथेच चुकतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारू शकता, भांडणाच्या सुरात नको: नळी कुठली वापरता? ही तपासणी इतकी साधी आहे की तिची किंमतच राहत नाही. दोन मिली रक्त, स्वच्छ, कोरडी, नवी काचेची नळी, वीस मिनिटं स्टँडवर, हात न लावता. मग एकदाच तिरकी करायची. रक्त ओघळलं तर बिघाड, चिकटून राहिलं तर ठीक. पण यातला ‘काचेची’ आणि ‘नवी’ हा भाग सोडला तर सगळं फुकट. काचेचा पृष्ठभागच रक्ताला गोठायला चालना देतो. प्लॅस्टिकमध्ये ती चालना नाही. साबणाने धुतलेली काचही तशीच निकामी.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. पावसाळा, भातलावणी, एका आठवड्यात चावलेले पाच जण. पाचही जणांचं रक्त गोठेना. त्यातल्या दोघांच्या पायावर सूजही नव्हती, एक तर आरामात बसून विडी मागत होता. साहेबांनी नियमाप्रमाणे तिघांना लस चढवली, एकाला तिची जोरात रिॲक्शन आली, अंगावर पित्त, श्वास लागला, ॲड्रिनलिन द्यावं लागलं. रात्री मला झोप लागली नाही. सकाळी लवकर जाऊन स्वतःचं रक्त काढलं आणि त्याच नळीत ठेवलं. वीस मिनिटांनी तिरकी केली. ओघळलं. मला तर कुठलं जनावर चावलं नव्हतं.

झालं असं होतं की नळ्यांचा साठा संपला होता आणि आमचे सफाईमामा, अगदी जीव लावून, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या साबण पावडरने घासून उन्हात वाळवून देत होते. चकचकीत बाटल्या. मीच त्यांना शाबासकी दिली होती. त्या दिवसापासून दर वेळी दोन नळ्या, एक पेशंटची, एक धडधाकट नातेवाइकाची. नातेवाइकाचं गोठलं आणि पेशंटचं नाही, तरच बिघाड लिहायचा. तुमच्या बाबतीत मधे दोनदा गोठलेलं आहे म्हणजे नळी बहुधा ठीकच आहे, तरी आज शंका वाटली तर तुमचं स्वतःचं रक्त शेजारच्या नळीत ठेवा म्हणावं. दोन मिलीने काही होत नाही.

नळीची एक मर्यादाही सांगते. थोडा बिघाड असेल तर नळीत रक्त गोठतं आणि पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारा लॅबमधला आकडा, मात्र वाढलेला येतो. तालुक्याला ती तपासणी होत असेल तर करून घ्या.

प्लाझ्माचं डॉक्टर बोलतील. माझ्या उदाहरणात बसवून सांगायचं तर प्लाझ्मा म्हणजे दुकानातून आणलेला किराणा. जेवणावळ चालू असताना आणून ठेवला तर तोही पंगतीला जाईल.

---

दारेकरी_जुन्नर · शुक्रवार, दुपारी १.१५

ताई, किती वेळ घालवलात. वॉर्डाबाहेर उभं राहून दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. जेवणावळीचं तिला लगेच कळलं. आता आणखी ५ बाटल्या चालू केल्यात. नळी नवीन पाकिटातली काचेचीच आहे, सिस्टरना विचारलं, त्या आधी रागावल्या, मग दाखवली.

सूज पाहून एक सर्जन म्हणाले की पायात दाब वाढलाय, चिरून मोकळा करावा लागेल कदाचित. हे करू द्यावं का? आणि लघवी आज सकाळपासून फक्त १५० मिली, रंग चहासारखा.

---

रात्रपाळी_एमओ · शुक्रवार, दुपारी ३.५०

दादा, ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे, आमच्याकडे दर पावसाळ्यात हेच. लांबून पेशंट न बघता सल्ला देणं चुकीचं, तरी दोन गोष्टी लगेच सांगतो.

चिरण्याचा निर्णय रक्त गोठायला लागेपर्यंत शक्यतो थांबवतात. घोणशीची सूज भयानक दिसते, पण बहुतेक वेळा ती कातडीखालची असते, स्नायूंच्या कप्प्यातला दाब खरोखर वाढलेला असतोच असं नाही. रक्त गोठत नसताना पाय चिरला तर ते रक्त थांबवणं फार अवघड जातं. सर्जनना एवढंच विचारा: “आजची नळी आणि आयएनआर बघून ठरवणार ना?” बहुतेक ते हो म्हणतील. पाय हृदयाच्या पातळीला उशीवर ठेवा.

दुसरं, लघवी. याच्याकडे नळीइतकंच लक्ष द्या. घोणशीचं विष मूत्रपिंडाला धरतं: बारीक रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या, घसरलेला रक्तदाब, विषाचा थेट परिणाम, सगळं मिळून. ६० किलोच्या माणसाला ताशी निदान ३० मिली लघवी हवी. सहा-सात तासांत १५० म्हणजे तुम्ही काठावर नाही, काठाच्या खाली आहात, आणि क्रिएटिनिन एका दिवसात दुप्पट झालंय. जिथे डायलिसिसची सोय आहे तिथे आजच हलवायचं का, हे तुमच्या डॉक्टरांशी बोला. ‘खासगी की सरकारी’ असा प्रश्न करू नका, ‘डायलिसिस कुठे आहे’ असा करा. १०८ ला सांगताना ‘घोणस, रक्त गोठत नाही, लघवी कमी’ हे तीन शब्द सांगा. हलवताना केसपेपरवर लसीच्या बाटल्यांची संख्या आणि प्रत्येक नळीची वेळ लिहून घ्या. नाहीतर तिकडे सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

दुखतंय म्हणून बाहेरून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून देऊ नका. मूत्रपिंड आणि रक्तस्राव दोन्ही बिघडतात. पॅरासिटामॉल चालतं. दंडात किंवा कमरेत कुठलंही इंजेक्शन नको, धनुर्वाताचं सुद्धा रक्त गोठायला लागल्यावरच. डोकं प्रचंड दुखायला लागलं, बोलणं जड झालं, गुंगी आली तर लगेच आरडाओरडा करा.

प्लाझ्मा: ताईंशी सहमत. वापरतो आम्ही, पण लस दिल्यावर आणि खरंच रक्त वाहत असेल तर. लसीऐवजी नाही.

---

माळकरी_वैद्य · शुक्रवार, संध्याकाळी ६.२०

एवढ्या बाटल्या कशाला. आमच्या आजोबांनी शेकडो माणसं वाचवली. चाव्यावर ब्लेडने दोन काप द्यायचे आणि कोंबडीचा मागचा भाग लावायचा. विष ओढलं की कोंबडी मरते. मरायची थांबली की विष संपलं. कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा, कडू लागला की माणूस बरा. पैसा शून्य.

---

काचेची_नळी · शुक्रवार, रात्री ८.१०

वैद्यबुवा, आजोबांचा अनुभव खोटा म्हणत नाही. चावणाऱ्या सापांतले पुष्कळसे बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी कोरडा चावा घेतो, विष सोडतच नाही. अशी शंभर माणसं आली तर कोंबडी न लावताही बरीच घरी जातात. कोंबडीचं विचाराल तर तिला घट्ट धरून, कापलेल्या जखमेवर दाबून बसवलं की ती घुसमटूनच मरते, तिला सर्पविषाची गरज लागत नाही.

पण ब्लेडचं बोलायलाच हवं. काजूच्या हंगामात एक बाई आली होती, सड्यावर पाल्याखाली हात घातला आणि फुरसं चावलं. फुरसं हातभरही नसतं, चावा मुंगीसारखा, म्हणून घरच्यांनी गंभीर घेतलं नाही. भगताने बोटाला सहा काप दिले. चावल्याच्या पाचव्या दिवशी आली. सापाच्या दातांच्या खुणा मला दिसल्याही नाहीत, पण ते सहा काप अजून झिरपत होते, पाच दिवस, फडक्यावर फडकं. मला म्हणाली, “बाय, रगत थांबणा नाय गो.” नळी लावली. पाचव्या दिवशीही रक्त पाण्यासारखं. विष अजून काम करत होतं. लस दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी नळी घट्ट. पाच दिवसांनीही, रक्त गोठत नसेल तर लस लागू पडते, हे मी तिच्यामुळे शिकले. पण ते काप नसते तर तिच्या अंगातलं निम्मं रक्त फडक्यांत गेलं नसतं.

तर, नको ते काप. करकचून दोरीही नको. दोरी बांधून आणलेल्या पायाची दोरी एकदम सोडली की काय होतं ते मी पाहिलंय आणि इथे सांगणार नाही.

थोडं अवांतर, कारण रात्र झालीय आणि झोप येत नाहीये. ज्या विषाने हे सगळं होतं, तेच विष १९३४ साली लंडनमध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट या दोन डॉक्टरांनी हिमोफिलियाच्या, म्हणजे जन्मतःच रक्त नीट न गोठणाऱ्या, रुग्णांचं रक्त थांबवायला वापरलं होतं. घोणशीचं विष, अगदी पातळ करून, फक्त जखमेवर. तिथे ते बरोबर जागी बरोबर काम करतं, कारण जेवणावळ एकाच ताटाची असते. आजही मोठ्या लॅबमध्ये ल्युपस अँटिकोॲग्युलंट (रक्त गोठण्यात ढवळाढवळ करणारी शरीराचीच प्रतिद्रव्यं) शोधायच्या एका तपासणीत घोणशीचं विष लागतं. निवृत्त होण्याआधी एका प्रशिक्षणात त्याची बाटली हातात घेतली तेव्हा मी नकळत दोन पावलं मागे सरले होते, सगळे हसले.

आपल्या लसीसाठी लागणारं विष बरंचसं चेन्नईजवळच्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. संस्था १९७८ सालची. हे लोक साप पकडतात, विष काढतात आणि पुन्हा सोडून देतात. त्याच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे थोडं बदलतं, त्यामुळे इकडच्या घोणशीला तिकडच्या विषापासून बनवलेली लस कधी जास्त लागते. मामांना शंका खायचीच असेल तर ती इथे खावी.

दारेकरी, पोचलात का डायलिसिस असलेल्या ठिकाणी?

---

दारेकरी_जुन्नर · शनिवार, सकाळी ७.३०

पोचलो. रात्री दहाला हलवलं. आज क्रिएटिनिन ४.६, डायलिसिस लावणार आहेत. पहाटेची नळी गोठली. सर्जनचं चिरायचं तूर्त थांबलंय, सूज तेवढीच आहे. एमओ साहेब, तुम्ही सांगितलं तसं सगळ्या नळ्यांच्या वेळा वहीच्या पानावर लिहून आणल्या होत्या. इथल्या मॅडमनी ते पान फाईलला टाचलं.

---

रात्रपाळी_एमओ · शनिवार, सकाळी ११.००

उत्तम. डायलिसिस म्हणजे किडनी गेली असं समजू नका. घोणशीच्या बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत मूत्रपिंड परत काम धरतं. लघवी वाढायला लागली की ते पहिलं चांगलं चिन्ह.

एक पुढचं लक्षात ठेवा, आत्ता घाबरू नका. घोणशीनंतर क्वचित मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीत रक्तस्राव होऊन ती कायमची मंदावते. ब्रह्मदेशात आणि दक्षिण भारतात असे रुग्ण नोंदले गेलेत. काही महिन्यांनी काका सतत थकलेले, थंडी सहन न होणारे, साखर आणि बीपी कमी असे वाटले, तर डॉक्टरांना घोणशीची आठवण करून द्या. सहा महिन्यांनी कोणी स्वतःहून तो धागा जोडणार नाही.

---

दारेकरी_जुन्नर · पुढचा आठवडा, रविवार, रात्री ९.१५

उशिरा लिहितोय, माफ करा. चार डायलिसिस झाल्या. गुरुवारपासून लघवी वाढली, आज क्रिएटिनिन १.९. काल घरी आणलं. कांद्याला पाणी शेजारच्यांनी दिलं, तेही रात्री दीडला उठून. आम्ही त्यांना गमबूट घेऊन दिले, ते घालत नाहीत.

शेवटच्या नळीला मी हजर होतो. ताईंचं वाचल्यापासून मला ती वीस मिनिटं बघायचीच होती. मोबाईलवर वेळ लावून उभा राहिलो. इथल्या टेक्निशियनने हात लावू दिला नाही, लांबूनच बघा म्हणाला. वडिलांना खुर्चीवर बसवलं होतं. वीस मिनिटं झाली, त्याने नळी तिरकी केली, मग पूर्ण उलटी केली. थेंब हलला नाही. वडिलांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “दही लागलं की रं.”

एक नवीन गोष्ट. आज सकाळपासून अंगाला खाज, हातापायावर लाल चट्टे, गुडघे आणि मनगटं दुखतायत, थोडा ताप. आई म्हणते विष परत चढलं. चावून बारा दिवस झाले. परत रक्ताचं काही आहे का?

---

काचेची_नळी · रविवार, रात्री ९.४०

दही! आमचे साहेब कायम ‘घट्ट कवडी दही’ म्हणायचे.

आईंना सांगा, बाराव्या दिवशी खाज, चट्टे, सांधे आणि ताप हे सगळं एकत्र आलं तर ते बहुधा विषाचं नसतं, लसीचं असतं. घोड्याचं परकं प्रथिन अंगात गेलं, त्यावर शरीर आठवड्या-दीड आठवड्यानंतर उठतं. सीरम सिकनेस म्हणतात त्याला. २५ बाटल्या गेल्यात म्हटल्यावर नवल नाही. गोळ्यांनी बहुतेकांचं काही दिवसांत उतरतं, पण गोळ्या घरच्या डब्यातल्या नकोत. सूत्र आठवतंय ना, दुखण्याची गोळी आणून द्यायची नाही, मूत्रपिंड अजून कच्चं आहे. आत्ता चेहरा सुजला, श्वास लागला किंवा लघवी पुन्हा कमी झाली तर रात्रीच निघा. नाहीतर उद्या सकाळी पहिल्या नंबरात जा, आणि क्रिएटिनिनबरोबर एक नळीही लावून घ्या, आईंच्या समाधानासाठी. डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या, बाटल्यांचा आकडा त्यावर असतो. नसेल तर वहीच्या त्या पानाचा फोटो तुमच्याकडे असेलच.